पंप गुणगुणतो, पाणी हलत नाही : एका जुन्या बिघाडाचा इतिहास

१/
गारगोटी हे वेदगंगेच्या काठचे गाव. पावसाळा सरला की या खोऱ्यातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे पडतात, पाणी अडते आणि काठावरचे विद्युतपंप ते उसाच्या शिवाराकडे चढवू लागतात. अशा गावातील एखाद्या घरात, काचेच्या टाकीतला मुठीएवढा पंपही हेच काम करतो. शिवाराच्या जागी तेथे मासे असतात. दोन्ही पंपांचा नेहमीचा बिघाडही एकच : आवाज येतो, पाणी येत नाही. त्याची कारणे तीन, हवा, गाळ आणि उंची, आणि ती माणसाला घरगुती मत्स्यालयाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत.

२/
घरगुती मत्स्यालय आरंभी पंपाविनाच होते. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या टाकीत गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देत, गोगलगाई कुजका पाला खात आणि मासे जगत. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने हा छंद घरोघरी नेला.

३/
हा समतोल नाजूक होता. मासे वाढले की प्राणवायू अपुरा पडे. विल्यम अल्फर्ड लॉईड याने १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात निराळा उपाय योजला. प्रदर्शनातील टाक्यांखाली त्याने एक प्रचंड अंधारा हौद ठेवला आणि वाफेच्या बळावर चालणाऱ्या पंपांनी पाणी सतत फिरते राखले. तेथून पुढे पंप हा मत्स्यालयाचा प्राण झाला. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले आणि काचेआडचा समुद्र पाहणे मराठी कुटुंबांच्या मुंबई सहलीचा भाग बनले.

४/
टाकीतल्या पंपाची वंशावळ याहून जुनी आहे. पाते गरगर फिरवून पाणी बाहेर फेकण्याची कल्पना सतराव्या शतकाच्या अखेरीस देनी पापँ याने सरळ पात्यांनी आजमावली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड याने वक्र पात्यांचा पंप मांडला आणि सरळ पात्यांच्या तुलनेत तो कितीतरी कार्यक्षम ठरला. किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यांतून पुढे याच जातीचे पंप विहिरींवर पोचले आणि मोट मागे पडली.

५/
मत्स्यालयाच्या छोट्या पंपात मात्र बहुधा पापँची सरळ पातीच टिकून आहेत. त्यातील चुंबकी फिरकी सुरू होताना उजवीकडे फिरेल की डावीकडे, याचा नेम नसतो. सरळ पाते दोन्ही दिशांना सारखेच काम करते. ही फिरकी म्हणजे पंपातला जवळजवळ एकमेव हलता भाग. तारेचे वेटोळे राळेत कायमचे बंद केलेले असते. म्हणून वीज पोचत असूनही पंप पूर्ण मुका असेल, तर बहुधा वेटोळे जळलेले असते आणि त्याला दुरुस्ती नाही. पंप गुणगुणत असेल, तर आशा आहे.

६/
पहिला संशय हवेवर घ्यावा. फिरते पाते पाणी फेकते. हवा फेकण्याइतका जोर त्यात नसतो. नदीकाठचा शेतकरी मोटार सुरू करण्याआधी पंपात पाणी भरतो आणि पाणी परत जाऊ नये म्हणून नळाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह बसवतो, ते याचसाठी. टाकीतला पंप पाण्याखाली तिरपा करून हलवला की अडकलेले बुडबुडे निघून जातात. बाष्पीभवनाने पाण्याची पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

७/
हवेचा हा त्रास पेशव्यांच्या कारागिरांनाही ठाऊक होता. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत मार्गाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्या मार्गावर जागोजागी ‘उच्छ्वास’ बांधले होते. कोंडलेल्या हवेला तेथून वाट मिळे आणि आतील मार्गाची देखभालही तेथूनच करता येई. त्याच्याही शतकभर आधी मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरींचे जाळे उभे राहिले होते. तेथील पाणचक्कीच्या नहरीवरील मनोऱ्यांत पाणी दाबाने वर चढून पुन्हा खाली उतरते.

८/
दुसरा संशय गाळावर. वीजजोड काढून पंपाचे झाकण उघडावे आणि फिरकी हलकेच बाहेर ओढावी. तिच्याभोवती शेवाळ, वनस्पतींचे तंतू किंवा क्षारांचा पांढरा थर साचलेला दिसतो. जुन्या ब्रशने तो निघतो. क्षार हट्टी असतील तर फिरकी काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ धुवावी. मधली बारीक दांडी मोडली असेल, तर ती किंवा फिरकीचा संच बदलावा लागतो.

९/
तिसरा संशय उंचीवर. शोषून घेणारा पंप पाणी अठरा हातांच्या वर चढवत नाही, ही विहिरींवर काम करणाऱ्यांची अडचण गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवली. १६४४ मध्ये त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने कारण उलगडले : पंप पाणी ओढत नाही, बाहेरच्या हवेचा भार ते वर ढकलतो, आणि तो भार सुमारे १० मीटरच्या स्तंभाइतकाच असतो. टाकीतला पंप पाण्यात बुडून वर ढकलत असल्याने ही मर्यादा त्याला लागू नाही; पण त्याच्या जोराला स्वतःची सीमा असते. खोक्यावर लिहिलेल्या कमाल उंचीला प्रवाह शून्य होतो. नळी लांबवली, वर नेली वा मुडपली की निरोगी पंपही हरतो.

१०/
हवा भरणाऱ्या पंपाची गोष्ट वेगळी. त्यात रबरी पडदा थरथरतो. तो फाटला की आवाज उरतो आणि बुडबुडे थांबतात. हा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि वीज गेली, तर टाकीतले पाणी नळीतून उलटे वाहत पंपात उतरू शकते. भरलेली नळी वरून खाली पाणी ओढत राहते, हा वक्रनलिकेचा नियम येथे शत्रू होतो. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवणे किंवा नळीत एकमार्गी झडप बसवणे, हाच उपाय.

११/
हे सारे तपासताना वेळ मर्यादित असतो. पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. दाटीच्या टाकीत मासे काही तासांतच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. गाळणीतील उपकारक जिवाणूही वाहत्या पाण्यावाचून मरू लागतात. म्हणून दुरुस्तीआधी भांड्याने टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे, खाद्य बंद ठेवावे आणि पंप बराच वेळ बंद राहिला असल्यास गाळणीत साचलेले कुबट पाणी फेकून मगच तो सुरू करावा.

१२/
उच्छ्वास बांधणाऱ्या कारागिरांनी मार्ग कधी तरी तुंबणार, हे आधीच गृहीत धरले होते. म्हणून आत हात पोचेल अशी वाट त्यांनी बांधकामातच ठेवली. चांगल्या पंपाची फिरकी हाताने निघते, तीही याच शहाणपणामुळे. महिन्यातून एकदा ती काढून धुणे ही त्या जुन्या परंपरेतली एक छोटी सेवा आहे. मासे तिच्यावरच जगतात.