प्रभाचा तिसावा हिस्सा

नाटकाची परीक्षणं लिहिणारे वाड्याकडे बघतात, खुर्चीत बसलेले वाटणीकडे. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’च्या बाबतीत मी तरी हे दर वेळी पाहिलं. माझी नजरही निर्दोष नाही म्हणा. जन्मभर अमरावतीच्या कोर्टात दिवाणी वकिली केली, आणि वाटपाच्या दाव्यांवरच आमचं घर चाललं. नाटकातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या घरात वडील तात्याजी वारले आणि तीन भाऊ, एक बहीण समोरासमोर आले, की माझ्या डोक्यात वंशावळ आपोआप मांडली जाते.

१९८५ साली ‘कलावैभव’नं हे नाटक विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली आणलं, तेव्हा जाणकारांना पहिला धक्का बसला तो लेखकाचा. ‘गार्बो’, ‘वासनाकांड’, ‘पार्टी’ लिहिणारा माणूस एकदम माजघर, तेरवीचा खर्च आणि घरातलं सोनं घेऊन आला होता. मग चेकॉव्हची आठवण निघाली, ‘चेरी ऑर्चर्ड’शी तुलना झाली, सरंजामी व्यवस्था कशी आतून कुजली यावर लिहिलं गेलं. अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टर प्रतीक ठरला. यातलं काहीच चूक नव्हतं. पण दादरला बहिणीकडे गेले असताना मी तो प्रयोग पाहिला आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत जे ऐकलं ते वेगळं होतं. मुंबईला गेलेल्या सुधीरनं गावच्या इस्टेटीत हिस्सा मागावा का? मागं राहून आईबाप सांभाळणाऱ्या भास्करला जास्त मिळू नये का? रांगेतले निम्मे लोक सुधीर होते आणि उरलेल्यांचा भास्कर गावी होता. तिसऱ्या भावाबद्दल, चंदूबद्दल, हळहळ होती. बहिणीसाठी, प्रभासाठी, एकच शब्द, ‘बिचारी’.

प्रभाला शिकायचं होतं, तात्याजींनी शिकू दिलं नाही. ती घरातच राहिली, वाळत गेली, कडू झाली. प्रेक्षकांना तिची कीव आली, पण हिशेबात तिला कोणी धरलं नाही. याचं एक साधं कारण म्हणजे कायद्यानंही तिला फारसं धरलेलं नव्हतं.

वडिलोपार्जित मिळकत धरून १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं हिशेब करू. तात्याजी गेले त्या क्षणी वाटणी झाली असं कागदावर मानायचं. तात्याजी, आई आणि तीन मुलगे असे पाच समान वाटे. प्रभा त्यात नाही, कारण मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटेकरी, नव्हती. मग तात्याजींचा एकटा पाचवा वाटा त्यांच्या वारसांत फोडायचा: आई, तीन मुलगे, प्रभा आणि तात्याजींच्या आई म्हणजे दादी, असे सहा जण. म्हणजे प्रभाला मिळकतीचा तिसावा हिस्सा. तिच्या प्रत्येक भावाला तिसांतले सात. सारखी वेळ विचारणाऱ्या, वेंकटेश आला का म्हणून पुसणाऱ्या दादीचा आणि तरण्या प्रभाचा वाटा अगदी सारखा.

हा तिसावा हिस्साही तिला वाड्यात मागता आला नसता. त्याच कायद्याचं कलम २३ सांगत होतं की राहत्या घराची वाटणी मुलींनी मागायची नाही, पुरुष वारस वाटून घ्यायला तयार होतील तेव्हाच. तोवर अविवाहित मुलीला तिथं राहता येईल. विधानसभेनं नव्हे, संसदेनं केलेल्या कायद्यात प्रभाचं सगळं आयुष्य एका कलमात बसलं होतं: राहा, पण मागू नको. एलकुंचवारांनी हे कलम वाचलं होतं की नाही हा प्रश्नच गैरलागू. पारवा गावात जन्मलेल्या लेखकाला ते वाचायची गरज नव्हती. आमच्या वऱ्हाडात ते घरोघरी पाळलं जात होतं.

१९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी ‘वाडा’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा सलग उभी केली. दिवसभराचा तो प्रयोग हा चर्चेचा मोठा विषय झाला. परीक्षणांतला सूर आता एका घराचा उरला नाही, पिढ्यांचा आणि संस्कृतीच्या अंताचा झाला. त्याच वर्षी २२ जूनपासून महाराष्ट्रात मुलींना जन्मानं सहदायाद मानणारी दुरुस्ती लागू झाली. एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेलं नसावं. म्हणजे नाटकातली माणसं तीच राहून घरातली गणितं बदलली होती. नव्या हिशेबानं सहा समान वाटे, आणि तात्याजींचा सहावा पुन्हा सहा जणांत. प्रभाला छत्तिसांतले सात, भावांनाही छत्तिसांतले सात. जवळजवळ सहापट. दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या. त्यांची सांगड कोणी घातल्याचं माझ्या वाचनात नाही. नाट्यसमीक्षक राजपत्र वाचत नाहीत आणि वकील नाटकाला गेले तर झोपतात.

२०१४ला ‘जिगीषा’ आणि ‘अष्टविनायक’नं ‘वाडा’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आणला. दिग्दर्शक पुन्हा चंद्रकांत कुलकर्णी. वैभव मांगले भास्कर, निवेदिता सराफ त्याची बायको म्हणजे वहिनी, प्रसाद ओक सुधीर. जुन्या प्रेक्षकांनी विजयाबाईंच्या प्रयोगाची फुटपट्टी लावली, ते साहजिकच होतं. नव्या प्रेक्षकांना वाडा हीच नवलाई होती. भास्कर रात्री दागिने काढतो आणि वहिनी ते अंगावर चढवते, त्या प्रसंगाला मी पाहिलेल्या प्रयोगात पुढच्या रांगांतून मोबाइल उंचावले गेले. पूर्वी तिथं बायका पदर तोंडाला लावत. मला दोन्ही प्रतिसाद खरे वाटले. सोनं बघून मोहणं आणि ते आपलं नाही हे कळणं, दोन्ही त्या प्रसंगात आहे.

ट्रॅक्टरचंही तसंच. १९८५ला तो भास्करच्या नाकर्तेपणाची खूण होता, थोडं हसूही येई. तीस वर्षांत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या इतक्या आल्या, २००६ला सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना खास पॅकेज द्यावं लागलं, की आता तो ट्रॅक्टर दिसताच मागून ‘कर्जाचा असंल’ असं पुटपुटणं ऐकू आलं. हसू गेलं होतं.

आणि प्रभा? या वेळी मध्यंतरात माझ्या पुढच्या दोघी तरुण पोरी तावातावानं बोलत होत्या, ‘ही केस का करत नाही?’ मला त्या पोरींना मिठी मारावीशी वाटली. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं मुलगी देशभर सहदायाद झाली होती आणि कलम २३ रद्दच झालं होतं. पुढं ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानं आहे. म्हणजे प्रभा तेव्हा हयात असेल आणि २० डिसेंबर २००४पूर्वी भावांनी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा करून घेतला नसेल, तर तात्याजी १९८५ला वारले असूनही तिला छत्तिसांतले सात मागता येतील. मघाशी तात्याजी गेल्यावर आपण कागदावर जी वाटणी मानली, ती खरी वाटणी नव्हेच, असं न्यायालय म्हणालं.

तरी त्या पोरींना मी अर्धंच उत्तर दिलं असतं. माझ्याकडे आलेल्या बहिणींपैकी दावा लावणाऱ्या थोड्या. बाकीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला भावाबरोबर येत, नवी साडी नेसून. वाचून दाखवलं की म्हणत, ‘जाऊ द्या वकीलबाई, माहेर तुटंल.’ तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव शांतपणे उतरतं. कायद्यानं सहापट दिलेलं माणसं एका सहीत परत करतात.

म्हणून ‘वाडा’ जुना झालेला नाही, असं मी म्हणते, आणि तो चिरेबंदी चौसोपी वास्तूमुळे टिकला हे मला मान्य नाही. वाडे पाडून टॉवर झाले, त्यात कोणाला किती चौरस फूट यावर तेच भाऊ तेच भांडण भांडतात. नाटक टिकलं ते घरातला हिशेब मांडताना कोणाला वगळायचं हे आपल्याला अजून पाठ आहे म्हणून. पुढच्या वेळी ते रंगमंचावर येईल तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. नेपथ्यातल्या खांबांचं कौतुक एका परिच्छेदात उरका आणि मध्यंतरात बाहेर येऊन रांगेत उभे राहा. प्रभाला लोक ‘बिचारी’ म्हणतात की ‘वारस’, ते ऐका आणि तेच छापा.