सागरी मत्स्यालय : पाणी बदलण्याआधी पाणी तयार करा

प्रतिनिधी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचेच्या टाकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश फिरताना दिसावा, अशी हौस शहरातील अनेकांना असते. २००३ मध्ये आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटामुळे तर हा मासा लहान मुलांच्याही ओळखीचा झाला. मात्र गप्पी किंवा गोल्डफिश पाळणे आणि समुद्रातील मासा सांभाळणे यांत मोठे अंतर आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत नळाचे पाणी क्लोरीन घालवून भरता येते. सागरी टाकीचे पाणी मात्र आधी तयार करावे लागते आणि त्या कामातील घाई माशांच्या जिवावर बेतू शकते.

पाणी का बदलायचे?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. टाकीतील उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट तुलनेने कमी घातक असले, तरी ते साचत जाते. त्यासाठी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला टाकीतील १० ते २० टक्के पाणी काढून तेवढेच नवे पाणी घालतात.

हे नवे पाणी जुन्याशी जुळणारे हवे. सागरी माशाच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच कमी खारट असतो. त्यामुळे शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा खारे पाणी पितो आणि जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खारेपणा एकाएकी बदलला, तर हा तोल ढळतो.

चौपाटीचे पाणी चालेल का?

मुंबईसारख्या शहरात समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाणी घरी कशाला बनवायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्यामुळे त्याचा खारेपणाही घटतो. त्यामुळे घरगुती टाकीसाठी शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगाचे नाही. समुद्रातील क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइडचा असला, तरी उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे आवश्यक घटक असतात. मिठागरातील खडेमीठ समुद्रातूनच येते. पण मीठ जमल्यावर जे कडवट पाणी काढून टाकले जाते, त्यातच बरेचसे मॅग्नेशियम निघून जाते. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने जगभरातून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी पृथक्करण केले. खारेपणा ठिकठिकाणी कमीजास्त असला, तरी प्रमुख क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळपास सारखेच राहते, असे त्यातून दिसून आले. सागरी मिठाची मिश्रणे याच प्रमाणाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतात.

गोडे पाणी कोणते घ्यावे?

नळाच्या पाण्यात क्लोरीन, फॉस्फेट, सिलिकेट आणि क्वचित तांबे असू शकते. तांब्याचा अल्प अंशही कोळंबी, खेकडे यांसारख्या जिवांना मारक ठरतो. त्यामुळे आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणीतून काढलेले, टीडीएस मीटरवर शून्याजवळ दिसणारे पाणी उत्तम. घरातील पिण्याच्या आरओ यंत्रावर विसंबण्यापूर्वी मात्र ते मोजून पाहावे. चवीसाठी अनेक यंत्रांत क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी थेट वापरू नये.

मिश्रणाची पद्धत

टाकी २०० लिटरची असेल, तर १० टक्के म्हणजे २० लिटर पाणी लागेल. खाद्यपदार्थांसाठी चालणारा प्लास्टिकचा पिंप घ्यावा. धातूचे भांडे टाळावे. आधी पाणी भरून त्यात छोटा पंप सुरू करावा आणि मग मीठ थोडेथोडे सोडावे. मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास तळाशी क्षारांची तीव्रता वाढून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तो सहजी विरघळत नाही.

लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ लागते. नेमके प्रमाण पाकिटावर पाहावे. २० लिटरसाठी आधी ७०० ग्रॅम घालून मोजावे आणि गरजेप्रमाणे वाढवावे. खारेपणा जास्त झाल्यास गोडे पाणी मिसळावे. पाणी निवळशंख दिसले, तरी पंप शक्यतो रात्रभर चालू ठेवावा. त्यामुळे क्षार पूर्ण विरघळतात, पाण्यात हवा मिसळते आणि सामू स्थिर होतो.

मोजमाप महत्त्वाचे

समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. २५ अंश सेल्सिअसला त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास भरते. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरला हवेचे बुडबुडे चिकटले, तर आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. पण तोही ३५च्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून तपासावा. नवे पाणी टाकीत घालण्यापूर्वी दोन्हीकडचा खारेपणा आणि तापमान जुळल्याची खात्री करावी. सामू ८.१ ते ८.४ दरम्यान असावा.

या चुका टाळा

* बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. त्यामुळे घटलेली पातळी नेहमी गोड्या पाण्यानेच भरावी.
* पावसाळी दमट हवेत मिठाचे पाकीट उघडे राहिले, तर त्याचा दगड होतो. मीठ हवाबंद डब्यात ठेवावे. घट्ट गठ्ठा झालेले मीठ वापरू नये.
* खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप, हीटर यांचे बटण बंद करावे. घरात गळती-विद्युत प्रवाह तोडणारे संरक्षक बटण असणे आवश्यक आहे.
* टाकीत थेट मीठ कधीही टाकू नये.

पाणी बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी मिश्रण करून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. शक्य असल्यास एका पिंपात तयार पाणी झाकून राखीव ठेवावे आणि वापरण्यापूर्वी ढवळून पुन्हा मोजावे. टाकीतील एखादा मासा मेला किंवा औषधाची मात्रा चुकली, तर पाणी तातडीने बदलावे लागते. त्या वेळी मीठ विरघळण्याची वाट पाहण्याइतकी उसंत नसते.