आल्प्समधील टंगस्टन : फेल्बरताल येथील शोध आणि त्याचा धडा

दिवसाउजेडी शीलाइट हे खनिज सहसा नजरेत भरत नाही. पांढुरके, करडे किंवा फिकट पिवळसर असे ते क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांच्या कणांत मिसळून जाते. अंधारात मात्र त्यावर लघुतरंगी जंबुपार किरणांचा झोत टाकला, की ते निळसर पांढऱ्या प्रकाशाने उजळते. टंगस्टनच्या या प्रमुख खनिजाचा शोध डोंगराळ प्रदेशांत अनेकदा रात्री घेतला जातो, तो याच गुणामुळे. ऑस्ट्रियातील फेल्बरताल हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

धातू आणि त्याचे महत्त्व

टंगस्टनचा द्रवणांक सुमारे ३,४२२ अंश सेल्सिअस असून तो सर्व धातूंत सर्वाधिक आहे. त्याची घनता सोन्याइतकीच, म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे १९.३ ग्रॅम भरते. १७८१ मध्ये कार्ल शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने आज शीलाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खनिजातून टंगस्टनचे आम्ल वेगळे केले. १७८३ मध्ये स्पेनमधील एलुयार बंधूंनी वुल्फ्रामाइटपासून प्रत्यक्ष धातू मिळवला. आज या धातूचा निम्म्याहून अधिक वापर कार्बाइडच्या रूपाने होतो. लेथवर पोलाद कापणारी टोके, खडक फोडणाऱ्या छिन्न्या आणि वेधनयंत्रांची पाती त्यापासून बनतात. टंगस्टन मिळवण्यासाठी खडक फोडणाऱ्या यंत्राचे पातेही बहुधा टंगस्टनचेच असते.

दरीतील शोध

साल्झबुर्ग प्रांतातील मिटरसिल या गावाच्या दक्षिणेस, होहे टाउएर्न पर्वतरांगेत फेल्बरताल ही दरी आहे. तीव्र उतार, दीर्घ हिवाळा आणि हिमलोटांचा धोका यांमुळे तेथे क्षेत्रकार्यास वर्षातील मोजकेच महिने मिळतात. म्यूनिक येथील प्राध्यापक आल्बर्ट माउखर यांनी १९६०च्या दशकात असा विचार मांडला होता, की अँटिमनी, टंगस्टन आणि पारा यांचे काही साठे पुराजीव महाकल्पाच्या प्रारंभीच्या ज्वालामुखी खडकांशी निगडित आहेत. या सूत्राच्या आधारे शोध घेत असताना १९६७ मध्ये रुडॉल्फ होल यांना फेल्बरतालमध्ये शीलाइटचा मोठा साठा आढळला. जंबुपार दिवा हे या शोधातील प्रमुख साधन होते.

अशा शोधाची पद्धत सर्वसाधारणपणे अशी असते. प्रथम ओढ्यांतील गाळ पाण्यात घोळवून जड कण वेगळे केले जातात. शीलाइट पाण्याच्या सुमारे सहापट जड असल्यामुळे ते तळाशी राहते. ज्या ओढ्यात कण सापडतात त्याच्या उगमाकडे सरकत मूळ खडक गाठला जातो. तेथे रात्री दिव्याने उघडे खडक तपासून चमकणाऱ्या जागांवर खुणा केल्या जातात आणि दिवसा त्यांचे नकाशे व नमुने घेतले जातात. मात्र दिव्याची साक्ष पुरेशी नसते. इतर काही खनिजेही चमकतात, मॉलिब्डेनम मिसळले असल्यास शीलाइटची छटा पिवळसर होते आणि टंगस्टनचे दुसरे प्रमुख खनिज वुल्फ्रामाइट तर चमकतच नाही. म्हणून अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील पृथक्करणावर सोपवावा लागतो.

सिद्धांत बदलला, साठा राहिला

पुढे खडकांच्या वयोमापनावरून असे दिसून आले, की फेल्बरतालमधील खनिजीकरणाचा महत्त्वाचा भाग सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटी खडकांशी निगडित आहे. ज्या ज्वालामुखी खडकांशी आरंभी संबंध जोडला गेला होता, ते याहून बरेच जुने आहेत. म्हणजे ज्या उपपत्तीने शोधकांना योग्य दरीत आणून सोडले, तिच्यात पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली. भूविज्ञानात असे घडणे अपवादात्मक नाही. चांगली उपपत्ती कोठे पाहावे हे सांगते; तेथे काय आहे, हे खडकच सांगतो.

सापडणे आणि परवडणे

साठा सापडल्यानंतर वेधन करून खोलवरच्या खडकाचे दंडगोल नमुने काढले जातात. त्यांवरून धातुकाची जाडी, विस्तार व प्रत ठरते. अर्धा टक्का टंगस्टन ऑक्साइड असलेले धातुक या व्यवसायात चांगले मानले जाते. त्याचा अर्थ असा, की एक टन खडकात ऑक्साइड पाच किलो आणि प्रत्यक्ष धातू सुमारे चारच किलो असतो. खडक दळताना शीलाइटचा भुगा होऊन त्यातील काही अंश वाया जातो, तो वेगळाच.

फेल्बरताल येथे १९७०च्या दशकाच्या मध्यास उत्पादन सुरू झाले. दरीच्या पूर्वेकडील भागात उघडी खाण होती, तर पश्चिमेकडे भुयारी खाणकाम वाढत गेले. १९९०च्या दशकाच्या आरंभी स्वस्त चिनी मालामुळे भाव कोसळले आणि ही खाणदेखील काही काळ बंद ठेवावी लागली. दक्षिण कोरियातील सांगदोंगची प्रसिद्ध खाणही त्याच दशकात बंद पडली. खडक तोच होता. बाजार बदलला होता. आज जगातील सुमारे चार पंचमांश टंगस्टन चीनमध्ये निघते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने काही टंगस्टन पदार्थांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यामुळे फेल्बरतालसारख्या खाणींचे महत्त्व पुन्हा वाढले आहे.

आपल्याकडील संदर्भ

भारत सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत टंगस्टनचा समावेश आहे. राजस्थानातील देगाणा येथे पूर्वी वुल्फ्रामाइटचे खाणकाम होत असे. नागपूर जिल्ह्यातील कुही–खोबना परिसरात, साकोली समूहाच्या खडकांतही, टंगस्टनची नोंद झालेली आहे. म्हणून ‘साठा सापडला’ अशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत : नमुने पृष्ठभागावरचे की वेधनातले? प्रत किती आणि किती जाडीपर्यंत? दळल्यानंतर त्यातील किती धातू हाती येतो? आणि भाव पडल्यास खाण टिकेल काय? फेल्बरतालमध्ये दिव्याने पहिल्या प्रश्नाकडे वाट दाखवली. उरलेल्या तिन्हींची उत्तरे मिळण्यास पुढची अनेक वर्षे लागली.