शुक्रवारचें भाकीत

चित्रपट लोकांस कितपत रुचेल हें तो लागण्यापूर्वींच आंकड्यांनीं सांगतां येईल काय, हा प्रश्न जितका व्यापाराचा तितकाच इतिहासाचाहि आहे. हें भविष्य पद्धतशीरपणें वर्तविण्याचा गाजलेला प्रयत्न अमेरिकेंत जॉर्ज गॅलप यांनीं केला. १९४० सालीं त्यांनीं प्रेक्षकसंशोधनाची संस्था काढली व आर. के. ओ. या चित्रसंस्थेनें तिचें साह्य घेतलें. कथेचा सारांश ऐकून चित्र पाहावेंसें वाटतें काय, कोणत्या नटाच्या नांवावर तिकीट काढाल, जाहिरात कानीं आली आहे काय, असे प्रश्न निवडक लोकांस विचारून ही मंडळी उत्पन्नाचा अदमास बांधीत.

त्या काळीं मात्र शनिवार-रविवारच्या गल्ल्यास निकालाचा मान नव्हता. चित्राच्या प्रती थोड्या. तें मोठ्या शहरांतील मोजक्या थिएटरांत लागे आणि तेथील कीर्ति घेऊन गांवोगांव जाई. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सेंट्रल सिनेमांत लागला, तो वर्षाहून अधिक काळ तेथेंच राहिला. १९४३ चा 'किस्मत' कलकत्त्याच्या रॉक्सींत तीन वर्षांहून अधिक चालला. अशा चित्रांचें मोल पहिल्या तीन दिवसांत ठरविणें म्हणजे मोहर पाहून आंब्याची गोडी सांगणें होय.

१९७५ सालीं हें माप पालटलें. त्या वर्षीं जूनमध्यें 'जॉज' हा चित्रपट अमेरिकेंत एकाच दिवशीं चारशेंहून अधिक थिएटरांत झळकला. तत्पूर्वीं दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा भडिमार झाला होता. त्याचें यश पाहून मोठ्या चित्रांची हीच रीत पडली. जाहिरातीचा सारा खर्च आरंभींच होऊं लागला, तेव्हां त्याची वसुलीहि आरंभींच मोजली जाऊं लागली.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १५ ऑगस्टच्या शुक्रवारीं 'शोले' लागला. व्यापारांतील जाणत्यांनीं पहिल्याच दिवसांत तो पडल्याचा निर्वाळा दिला. मुंबईच्या मिनर्व्हांत तो पुढें पांच वर्षें चालला! थोडक्या खर्चाच्या 'जय संतोषी माँ'नेंहि त्याच वर्षीं भल्याभल्यांचे हिशेब चुकविले. बायाबापड्या वहाणा बाहेर काढून थिएटरांत शिरत. ही भक्ति कोणत्या कोष्टकांत मांडावी?

आज आगाऊ तिकीटविक्री, पडद्यांची संख्या, सणवार आणि नटाची लोकप्रियता यांवरून पहिल्या तीन दिवसांचा अदमास पुष्कळदां जमतो. त्याचें कारण उघड आहे. त्या दिवसांत प्रेक्षक जाहिरातीच्या भरंवशावर येतो. सोमवारीं तो शेजाऱ्याच्या शब्दावर येतो. जाहिरात मोजतां येते. शेजाऱ्याचा शब्द मात्र चित्र पाहिल्यावांचून निघतच नाहीं.

भाकीत चुकलें तर आम्हांस त्याची खंत नाहीं. चिंता आहे ती भाकीत हाच न्याय ठरण्याची. रविवारचा गल्ला पाहून सोमवारीं खेळ कमी केले, तर मंगळवारीं येणारा प्रेक्षक दारावरूनच परततो, आणि वर्तविलेलें अपयश आपोआप खरें ठरतें. 'शोले'स त्याच्या थिएटरांनीं अवधि दिला, म्हणूनच जाणत्यांचें भाकीत खोटें ठरूं शकलें.