खांद्यावर घेतलेला कप्तान

आमचा नातू आर्सेनलचा भक्त. मोहन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शनिवारी रात्री लंडनचा गलका घुमतो. त्याच्या आजीला तो आवडत नाही. मला खेळातलं फार कळत नाही, पण सोबत म्हणून मी बसतो.

त्यानेच मला ग्रानित झाकाची गोष्ट सांगितली. २०१९च्या सप्टेंबरात हा माणूस आर्सेनलचा कप्तान झाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत, सामना चालू असताना त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने कानाला हात लावून 'अजून ओरडा' असं खुणावलं, अंगातला शर्ट काढला आणि तडक आत गेला. कप्तानी गेली. तो मात्र खेळत राहिला. पुढे तेच प्रेक्षक त्याच्या नावाचं गाणं म्हणू लागले आणि २०२३च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात दोन गोल करून त्याने त्यांचा निरोप घेतला.

"आजोबा, आपल्याकडे असं कुणाचं झालंय का हो?" नातवाने विचारलं.

झालंय म्हटलं. पण खेळ फुटबॉल नव्हे, क्रिकेट. आणि त्या माणसाला कप्तानी मिळून गेली नव्हती, मिळतच नव्हती. त्याचं नाव विठ्ठल पालवणकर.

विठ्ठलच्या आधी त्याच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला, वडील लष्करात नोकरीला. हा पोरगा पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान झाडणं, रोलर फिरवणं असली कामं चार रुपये महिन्यावर करायचा. फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. ग्रेग नावाचा एक साहेब आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे देई, अशी कथा आहे. तिच्यात मीठमसाला किती ते देव जाणे; पण त्या सरावातून एक फार मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला, एवढं खरं.

मग पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवा. त्याला घेतलं. मैदानावर तो टाकी तो चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, त्याला कुणाची हरकत नव्हती. चहाची सुट्टी झाली की त्याचा चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळं. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा एखादं पोर हमखास विचारायचं, "मग सर, चेंडू बाटत नव्हता का?" या प्रश्नाचं उत्तर मला चाळीस वर्षांत देता आलं नाही. प्रश्न मात्र फार चांगला आहे.

पुढे बाळू मुंबईला आला आणि गाजला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात त्याचा मोठा वाटा होता. धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर हिंदी संघ विलायतेला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण एकट्या बाळूने ११४ बळी घेतले. पाठोपाठ विठ्ठल आणि गणपत हे भाऊही हिंदू संघात आले. विठ्ठल फलंदाज होता.

त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पडत, हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन. आज ऐकायला विचित्र वाटतं. तेव्हा त्या सामन्यांना सारी मुंबई लोटायची. हिंदू संघाचा कप्तान कोण, हे ठरवायची जिमखान्यावरची निवड समिती. बाळू सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. तरी कप्तान दर वेळी दुसराच. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात बोलून दाखवलं की हा मान खरा बाळूचा होता. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण बोलून दाखवणं वेगळं आणि मान सोडणं वेगळं.

१९२० साली कडेलोट झाला. पै आजारी होते. त्यांच्या जागी समितीने पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमलं. देवधर मोठे खेळाडू, पुढे तर त्यांच्या नावाने स्पर्धा निघाली. त्यांच्या गुणांबद्दल प्रश्नच नाही. पण ते पालवणकरांच्या मागून आलेले. वर बाळूला संघातूनच वगळलेलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी आम्ही खेळत नाही असं कळवलं आणि त्याची कारणं जाहीरपणे वर्तमानपत्रातून मांडली. जातीवर कप्तानी ठरणार असेल तर आम्हाला त्यात राहायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. गणपत त्याच वर्षी वारला होता. घरात दुःख, मैदानावर अपमान, आणि तरी कागदावर शांत भाषेत कारणं लिहायची! या एका कृतीसाठी मी या भावांना मानतो.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समितीचा निर्णय झाला म्हणून सगळे लोक समितीच्या बाजूने गेले नाहीत. वर्तमानपत्रांतून पालवणकरांच्या बाजूने पत्रं आली. महिनाअखेर नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि अस्पृश्यता हा हिंदू समाजावरचा डाग असल्याची भाषा तिथे झाली. वारं फिरत होतं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, बाळूला उपकप्तान केलं, भाऊही परत आले. त्या सामन्यात पै मैदानाबाहेर असताना काही वेळ बाळूने संघ चालवलासुद्धा. म्हणजे मागच्या दाराने का होईना, पण झालं. बाळूच्या वाट्याला एवढंच आलं. तेव्हा तो पंचेचाळिशीला टेकला होता.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कप्तान झाला. अंतिम सामना युरोपियनांशी, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. हिंदूंनी तो जिंकला. लोक मैदानात घुसले आणि त्यांनी कप्तानाला खांद्यावर उचललं. त्यात उच्चवर्णीयही होते. विठ्ठलने पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात त्याने ही आठवण सांगितली आहे. १९२५ आणि १९२६ सालीही त्याच्या हाताखाली हिंदूच जिंकले.

नातू म्हणाला, "म्हणजे झाकासारखंच. जिंकला, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं."

तसं नाही रे बाबा. लोक एका दिवसात वळले नाहीत. १९०६ पासून ते या भावांना बघत होते. टाळ्या वाजवता वाजवता कुणाच्या तरी मनात आलं असेल, की हा जर आपल्याला जिंकून देतो तर हुकूम का देऊ नये? हे मनात यायला पंधरा-सतरा वर्षं लागली. बाळूचे बळी त्याला कारण झाले, आणि १९२० चा तो नकारही झाला. भाऊ मुकाट्याने खेळत राहिले असते तर समिती आपणहून हलली असती असं मला वाटत नाही.

आणि खांद्यावर घेतलं याचं फार कौतुकही करवत नाही. त्याच १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव पास झाला, कागदावर राहिला. विठ्ठलचा तिसरा विजय १९२६ चा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसं घेऊन जावं लागलं, आणि त्यापायी त्या माणसांना मार खावा लागला.

हे सगळं नातवाला सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो.

मी शिक्षक असताना आमच्या शाळेचा फुटबॉलचा संघ होता. एनआरसी कंपनी तेव्हा जोरात चालू होती, रेयॉनचा तो कुजकट वास वर्गापर्यंत यायचा. एका वर्षी दहावीतला एक मुलगा सगळ्यांत चांगला खेळायचा. वडील कारखान्यात कामगार, राहायला वस्तीत. कप्तान निवडायला आम्ही तिघे शिक्षक बसलो. दुसरं नाव पुढे आलं, चांगल्या घरातलं. "हा मुलगा बोलायला बरा आहे, बक्षीस घ्यायला स्टेजवर जाईल," असं कारण दिलं गेलं. मी वर्गात बाळू पालवणकर शिकवणारा माणूस. मी मान डोलावली.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी सरावाला आला नाही. विचारलं तर म्हणाला, "सर, पायाला लागलंय." वर्षभर त्याचा पाय बरा झाला नाही.

कंपनी २००९ साली बंद पडली, त्यानंतर एकदा तो आंबिवली स्टेशनवर भेटला. केस पिकलेले. त्यानेच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, माझी पिशवी घेतली आणि पुलावरून पलीकडे आणून दिली. मुलं काय करतात, आई कशी आहे, सगळं विचारून झालं. फुटबॉलचं मी काही विचारलं नाही.