बधिर नावाचं जनुक

फळमाशीच्या पाठीवरचे राठ केस भिंगाखाली पाहिले तर प्रत्येकाच्या बुडाशी एक गोल खोबण दिसते. त्याखाली, नजरेआड, एक चेतापेशी असते. केस जरासा वाकला की माशीला स्पर्श कळतो. केस, खोबण, चेतापेशी आणि तिचं आवरण ही सगळी एकाच पेशीची वंशावळ. ती पेशी दुभंगते तेव्हा तिच्या दोन लेकी सारख्या नसतात. एकीच्या वाट्याला केस आणि खोबण येतात, दुसरीच्या वाट्याला चेतापेशी आणि आवरण.

ही वाटणी कोण करतं? १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूह नुंग जान आणि लिली जान या दांपत्याच्या प्रयोगशाळेत तादाशी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी एका जनुकाची नोंद केली. ते बिघडलं की भ्रूणात केस-खोबणीचं सामान वाढायचं, चेतापेशी मात्र गायब. अशा जिवाला स्पर्श कळणार कसा? म्हणून जनुकाचं नाव पडलं ‘नम’, म्हणजे बधिर.

माशीवाल्यांची ही बारशाची जुनी रीत. जनुकाचं नाव ठेवायचं ते कामावरून नव्हे, काम बंद पडल्यावर दिसणाऱ्या व्यंगावरून. १९१४मध्ये जॉन डेक्स्टर यांनी पंखाला खाचा असलेल्या माशांची नोंद केली. त्यातून ‘नॉच’ हे नाव आलं, त्याचा अर्थही खाच.

पुढे हीच दोन नावं एका गोष्टीत आली. १९९४मध्ये जान यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं, की विभाजनाच्या वेळी नम प्रथिन चंद्रकोरीसारखं पेशीच्या एकाच टोकाला गोळा होतं. समोरच्या टोकावरचं एक विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं, त्यामुळे तिथल्या पटलावर त्याचा टिकाव लागत नाही. सगळा ऐवज एकाच लेकीकडे जातो. तिच्यात नम नॉचमार्फत येणारा निरोप दाबतं, आणि ती चेतापेशीच्या वाटेला लागते. बहिणीला तो निरोप पोचतो, ती केसाच्या. नम जास्त झालं तर दोघीही चेतापेशीच्याच वाटेला जातात.

म्हणजे जे जाणीव घडवतं, त्याचंच नाव बधिर. पुढे उंदरात आणि माणसातही त्याची भावंडं सापडली, पण नाव बदललं नाही. लहानपणी दगडू म्हणून हाक मारलेल्याला मोठेपणीही सगळे दगडूच म्हणतात.