एका शिक्षकाचें शिक्षण

नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलें, अशी आपल्या मध्यम वर्गांतील घरांत एक जुनी समजूत आहे. मुलगा परीक्षा उतरेपर्यंत घरांतला दिवा त्याच्यासाठीं रात्रीं उशिरापर्यंत जळतो. नोकरीचा कागद हातीं पडतांच पुस्तकें माळ्यावर जातात. पुढें बढतीसाठीं एखादी परीक्षा द्यावी लागली तर तीं खालीं येतात, आणि बढती मिळाली कीं पुन्हां वर जातात. या व्यवहाराला कोणी नांवें ठेवूं नयेत. पोटाचा प्रश्न खोटा नसतो. परंतु विद्येचा उपयोग एवढाच काय, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. त्याचें उत्तर उपदेशांत शोधण्यापेक्षां एका मराठी शिक्षकाच्या चरित्रांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत दापोलीजवळच्या मुरूड गांवीं झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत त्यांनीं शिक्षकाच्या धंद्याचें शिक्षण घेतलें, आणि १८७४ सालीं ते मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उतरले. परीक्षांचा हिशेब येथेंच संपतो. विश्वविद्यालयाची पदवी त्यांनीं कधीं मिळविली नाहीं. पुढील सारें आयुष्य शिक्षणखात्याच्या नोकरींत गेलें. रेवदंडा, ठाणें, बार्शी येथील शाळा, मग धुळ्याचें ट्रेनिंग स्कूल, आणि अखेरीस पुण्याचें ट्रेनिंग कॉलेज, अशा बदल्या होत गेल्या. १८९८ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. नोकरीच्या दप्तरांत पाहिलें तर अशीं चरित्रें त्या काळीं शेंकडों सांपडतील.

परंतु या दप्तराबाहेर त्यांचें जें दुसरें शिक्षण चाललें होतें, त्याचा आरंभ प्रत्येक घरांत असणाऱ्या एका वस्तूपासून झाला. ती वस्तु म्हणजे पंचांग. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास येतो. आपण मकरसंक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीस करितों. हा फरक संपातबिंदूच्या मंद गतीमुळें पडतो. संपात सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरकतो, आणि शतकानुशतकें सांचलेला हा फरक निरयन पंचांगांत तसाच राहतो. ऋतूंशीं पंचांगाचा मेळ राखावा असें म्हणणारा सायनपक्ष व परंपरेस चिकटून राहणारा निरयनपक्ष यांचा वाद त्या काळीं महाराष्ट्रांत जोरांत होता. दीक्षित सायनपक्षास मिळाले, आणि विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह सायन पंचांग काढण्याच्या कामीं लागले.

वादांत पडणारे पुष्कळ असतात. वादामुळें अभ्यासास लागणारे थोडे. पंचांग बरोबर कोणतें हें सांगावयाचें तर तें कसें बनलें हें पाहिलें पाहिजे. तें पाहावयाचें तर सूर्यसिद्धान्त, आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे ग्रंथ गणित करून तपासले पाहिजेत. आणि त्यांतील अंक आकाशाशीं किती जुळतात हें ठरवावयाचें तर युरोपांतील अर्वाचीन ज्योतिषही आलें पाहिजे. एका प्रश्नानें दुसऱ्या प्रश्नाचें दार उघडलें. शाळेचे तास सांभाळून दीक्षित त्या दारांतून पुढें जात राहिले.

या अभ्यासाचा उपयोग अगदीं अनपेक्षित ठिकाणीं झाला. गुप्त राजांचा काल कोणता, हा त्या वेळीं हिंदुस्थानच्या इतिहासांतला मोठा अडलेला प्रश्न होता. त्यांच्या लेखांत संवत्सराचे आंकडे आहेत, पण त्या संवताचा आरंभ कधींचा यावर विद्वानांचें एकमत नव्हतें. कोणी तो इ. स. ७८ च्या सुमारास धरी, कोणी १६६ च्या, तर कोणी १९० च्या. शककालानंतर २४१ वर्षांनीं गुप्तकाल सुरू झाला, असें अल्बेरूणीनें लिहून ठेविलें होतें. पण त्याच्या वाक्याच्या अर्थाविषयींही वाद होता. मंदसोरच्या शिलालेखावरून उत्तराची दिशा दिसूं लागली होती, तरी निश्चित पुरावा पाहिजे होता. प्राचीन लेखांचे संशोधक फ्लीट यांनीं या कामासाठीं ज्या गणित्याची मदत घेतली, ते म्हणजे शाळाखात्यांतले हे दीक्षित मास्तर.

मध्यप्रदेशांत सागर जिल्ह्यांतील एरण येथें बुधगुप्ताच्या कारकीर्दींतला एक स्तंभ आहे. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडील अगदीं जुन्या लेखांपैकीं त्यावरचा लेख एक होय. गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, अशी मिति त्यांत दिली आहे. आतां द्वादशी कोणत्या वारीं पडली हें काढणें सोपें नव्हे. तिथि म्हणजे घड्याळाचा दिवस नव्हे. चंद्र व सूर्य यांच्यांत बारा अंशांचें अंतर वाढावयास जो काळ लागतो ती तिथि, आणि जुन्या गणिताप्रमाणें ती ५४ पासून ६५ घटकांपर्यंत कमीजास्त होते. म्हणून दीड हजार वर्षांपूर्वींच्या एका सूर्योदयाच्या वेळचें सूर्य आणि चंद्र यांचें स्पष्ट स्थान काढावें लागतें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं मराठींत तयार केलेलीं कोष्टकें घेऊन दीक्षितांनीं हें गणित केलें. अल्बेरूणीच्या वचनाप्रमाणें शके ४०६ येतो. त्या वर्षीं आषाढ शुद्ध द्वादशी इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेस येते, आणि तो वार गुरुवारच निघतो. एकच वार जुळला तर तो योगायोगही असूं शकेल; म्हणून इतर लेखांतील मित्याही अशाच तपासल्या गेल्या. १८८८ सालीं फ्लीट यांचा गुप्तलेखांचा ग्रंथ निघाला तेव्हां गुप्तकालाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा पक्क्या पायावर उभा राहिला. आज शाळेंतल्या मुलास समुद्रगुप्ताचा जो काल शिकवितात, त्याच्या पायाशीं एका शिक्षकाची पाटी आहे.

इतकें झाल्यावर दुसरा कोणी थांबला असता. दीक्षितांचा मोठा ग्रंथ यानंतर बाहेर आला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिला. दक्षिणा प्राइज कमिटीचें बक्षीस त्यास मिळालें, आणि १८९६ सालीं तो प्रसिद्ध झाला. वेदकालापासून ग्रंथकाराच्या स्वतःच्या काळापर्यंतचे ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ, त्यांचें गणित, निरनिराळ्या प्रांतांतलीं पंचांगें, इतका विस्तार त्यांत आहे. त्याच वर्षीं मद्रासकडील सिव्हिल सर्व्हिसांतले रॉबर्ट स्यूएल यांच्यासह रचलेला त्यांचा ‘इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ लंडनास छापला गेला, इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या भारतीय तिथींच्या इंग्रजी तारखा काढण्याचीं कोष्टकें त्यांत आहेत. एक ग्रंथ मराठी वाचकांसाठीं, दुसरा सर्व जगांतल्या संशोधकांसाठीं. आणि दोहोंचा कर्ता एकच मॅट्रिक झालेला शिक्षक. मराठी ग्रंथाचीं पुढें हिंदी व इंग्रजी भाषांतरें झालीं.

त्यांचीं सर्व मतें टिकलीं, असें म्हणण्याचें कारण नाहीं. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, असें शतपथब्राह्मणांत सांगितलें आहे. आज कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत नाहींत. बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. तेव्हां त्या ठीक पूर्वेस उगवत असतील असा काल इसवी सनापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांचा, असें दीक्षितांनीं गणितानें दाखविलें. गणित खोटें ठरलें नाहीं. परंतु त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत आजही मतभेद आहे. सायन पंचांगही घरोघर गेलें नाहीं; संक्रांत आपण अजून जानेवारींतच करितों. जो शिकत राहतो त्याच्या वांट्यास हेंही येतें. एकाच उत्तरावर ज्याची सारी प्रतिष्ठा उभी असते, त्याला तें उत्तर वादांत सांपडलें कीं सर्वस्व गेल्यासारखें वाटतें. दीक्षितांची प्रतिष्ठा उत्तरावर नव्हे, तें काढण्याच्या रीतीवर उभी होती.

आतां व्यवहारी गृहस्थ विचारतील, कीं या विद्येनें त्यांस दिलें काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तरही सरळ दिलें पाहिजे. शाळेंतून ते शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेंत गेले, ही बढती खरी; परंतु ज्यांच्या संशोधनास त्यांच्या गणिताचा आधार होता, त्यांच्या हुद्द्याशीं त्यांच्या हुद्द्याची तुलनाच नव्हती. विद्येच्या मानानें पद मिळालें नाहीं. मिळालें तें हें, कीं पदानें मोठे असलेले लोक आपली शंका घेऊन त्यांच्याकडे आले. हुद्दा माणसाबरोबर निवृत्त होतो. असा अधिकार होत नाहीं. त्यांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच होते, आणि ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथही नोकरी संभाळूनच झाला. तेव्हां दीक्षितांचें उदाहरण अपवादाचें म्हणून बाजूस सारतां येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दीक्षितांच्या हातीं छत्र्यांचीं कोष्टकें नसतीं तर एरणचा गुरुवार काढणें किती कठीण गेलें असतें! छत्रे १८८४ सालीं वारले. आपल्या कोष्टकांवर गुप्त राजांचा काल ठरेल, हें कोष्टकें करितांना त्यांच्या स्वप्नींही नसेल. एकानें शिकून ठेवावें आणि दुसऱ्यानें त्यावरून पुढें जावें, असाच विद्येचा संसार चालतो. माळ्यावर टाकलेलें पुस्तक आपल्यापुरतेंच बंद होत नाहीं. ज्याला तें आपल्या हातून मिळावयाचें होतें, त्यालाही तें बंद होतें.

प्रत्येक शिक्षकानें ज्योतिषाचा इतिहास लिहावा, असें कोणी म्हणणार नाहीं. पण प्रत्येक धंद्यांत एखादा प्रश्न असा असतो, कीं जो रोज समोर येतो आणि ज्याचें उत्तर कोणी मागत नाहीं. पंचांग त्या काळीं घरोघर भिंतीवर टांगलेलें होतें. दीक्षितांनीं तें खालीं काढून उघडलें, एवढाच त्यांच्या शिक्षणाचा आरंभ.